बेचाळीस शेतकरी आणि सभागृहातला हशा

आदरणीय मॅडम,

मी नागपुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि पीएच.डी.साठी काटोल-नरखेड पट्ट्यातील संत्रा बागायतदारांचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात शहरातच झालेल्या एका राष्ट्रीय चर्चासत्रात मी शोधनिबंध वाचला. दहा मिनिटांत सभागृह तीनदा हसले. सुरुवातीला पडद्यावर चुकून जुनी स्लाइड आली. त्यावर मी स्वतःसाठी लिहून ठेवलेले ‘इथे आकृती टाकणे’ हे शब्द तसेच राहिले होते. मी ओशाळून हसले आणि मग सगळेच हसले. पुढे एका बागायतदाराचे वाक्य त्याच्याच बोलीत वाचले, ‘झाडाले ताण देल्याबिगर थे फुलत नाही जी’, तेव्हा आधी थोडे आणि नंतर फार मोठे हसू उठले. त्याच गोंगाटात मी माझा मुख्य निष्कर्ष वाचून टाकला, तो असा की कोणता बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरायचा हे पावसापेक्षा घरात पैसा कधी लागणार यावर अधिक ठरते. शेवटी सत्राध्यक्ष सर म्हणाले, ‘बेचाळीस शेतकरी? एवढे तर आमच्याकडे साक्षगंधाला येतात!’ (साक्षगंध म्हणजे साखरपुडा.) तो हशा मला अजून ऐकू येतो. मी काही न बोलता खाली बसले. माझ्या आधीच्या निबंधाला कोणीही हसले नव्हते. माझे वडीलही संत्रा बागायतदार आहेत आणि आमच्या घरी हीच भाषा बोलतात. लोक माझ्यावर हसले, विषयावर हसले, की आमच्या बोलीवर? पुढच्या चर्चासत्रात ते वाक्य गाळू का? माझी मैत्रीण म्हणते की उलट एखादा विनोद मुद्दाम घालावा. तिने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, पण ते ऐकण्याचे धैर्य झालेले नाही.

एक संशोधिका, नागपूर

प्रिय संशोधिका,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वाचनात असे लक्षात आले की हसण्याचा प्रसंग आला की तुमच्या वाक्याचा कर्ता ‘सभागृह’ किंवा ‘सगळे’ असा होतो. माणसे अशी एकजिनसी हसत नाहीत. पहिल्या रांगेतील निवृत्त प्राध्यापक, मधल्या रांगांतील तुमच्यासारखे संशोधक, हजेरीसाठी आणून बसवलेले एम.ए.चे विद्यार्थी आणि दाराशी उभे राहून जेवणाच्या मंडपाकडे एक डोळा ठेवणारे स्वयंसेवक या सर्वांनी एकाच क्षणी तोंड उघडले, तरी त्यांच्या हसण्याचे कारण एकच होते असे मानायला काही आधार नाही. व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्या सगळ्यांचा मिळून एकच आवाज ऐकू येतो आणि मन धास्तावलेले असले की तो आवाज आपल्याच रोखाने आला असे वाटते. छापील भाषणांत मध्येच कंस करून ‘हशा’ असे लिहितात, तसेच तुमच्या आठवणीने केले आहे. तीन वेगळ्या प्रसंगांवर तिने एकच शिक्का मारला आहे. ज्या भाषेत खुदकन हसणे वेगळे, खसखस पिकणे वेगळे, फिदीफिदी हसणे वेगळे आणि खळखळून हसणे वेगळे, त्या भाषेत वाढलेल्या माणसाने तरी इतक्या सहज एकच शिक्का वापरू नये. म्हणून ते तीन हशे आधी सुटे करून पाहू.

पहिला हशा तुम्हीच मागितला होता, आणि हे मी चेष्टेने म्हणत नाही. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफर्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, ध्वनिमुद्रित बोलण्याचे अक्षरशः श्वासागणिक लेखन करून, असे दाखवले की बोलणारी व्यक्ती आपले वाक्य संपवता संपवता स्वतः हसते, तेव्हा ते ऐकणाऱ्याला दिलेले हसण्याचे निमंत्रण असते आणि ऐकणारा पुष्कळदा ते लगेच स्वीकारतो. तुम्ही लिहिलेला क्रमच पाहा: आधी तुम्ही हसलात, ‘मग’ सगळे हसले. खिशात पेनड्राइव्ह घेऊन आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात ‘इथे आकृती टाकणे’ हे शब्द वाचून गोळा आला असणार, कारण अशी एखादी ओळ त्यांच्याही स्लाइडमध्ये कुठेतरी दबा धरून बसलेली असते. तुमच्याविषयीचे कोणतेही मत त्या हशात नव्हते. असलेच तर थोडी आपुलकी असेल.

या प्रकारच्या हशात धोका असतो तो त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. पारदर्शिका यंत्रावर ठेवून दाखवण्याच्या काळात मी एकदा माझा संपूर्ण तक्ता उलटा ठेवला होता. लोक हसले, मला बरे वाटले, म्हणून मी त्यावर एक कोटी केली, ती साधली म्हणून दुसरी केली, आणि निबंधाच्या मध्याशी पोहोचते न पोहोचते तोच अध्यक्षांनी घंटा वाजवली. तुम्ही ओशाळून पुढे गेलात, हे माझ्यापेक्षा शहाणपणाचे झाले.

हसण्याला विनोद लागतोच, ही समजूतही जरा सैल करायला हवी. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी चाललेल्या गप्पांतील हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले होते. त्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के प्रसंगांत हसण्याच्या आधीचे वाक्य विनोदी म्हणता येईल असे होते; उरलेले हसू ‘बरं, भेटू मग’ यासारख्या अगदी साध्या बोलण्यावर आलेले होते. शिवाय, ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा सुमारे ४६ टक्के अधिक वेळा हसतो, असेही त्यांना आढळले. हा अभ्यास चर्चासत्रांचा नाही आणि त्यातील आकडे सभागृहाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण त्यातून एवढे नक्की कळते की हसणे हा बहुतेक वेळा गंमतीवरचा अभिप्राय नसतो. माणसे एकमेकांजवळ आहोत हे सांगण्यासाठी, अवघडलेपण घालवण्यासाठी, कधी आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे दाखवण्यासाठी हसतात. चर्चासत्राच्या सभागृहात तर या तिन्ही गरजा एकाच वेळी हजर असतात: माणसे एकमेकांना नीट ओळखत नाहीत, सकाळपासून दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ यांत अवघडून बसलेली असतात, आणि कोण कोणाचा मार्गदर्शक आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आता दुसऱ्या हशाकडे येते. पत्राचा खरा गाभा तोच आहे आणि त्यात तुमच्या घरचीही काळजी मिसळलेली आहे.

ज्या वाचकांचा संत्र्याशी संबंध फक्त खाण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्याकडे संत्र्याचे दोन मुख्य बहार धरतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतात. मृग बहाराची फुले पावसाळ्याच्या तोंडाशी येतात आणि फळे फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. झाडाने एकदम आणि भरपूर फुलावे यासाठी बागायतदार फुलोऱ्यापूर्वी काही आठवडे त्याचे पाणी तोडतो, म्हणजे आंबियासाठी साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि मृगासाठी मे महिन्यात. यालाच ‘ताण देणे’ म्हणतात. हा शेतीशास्त्राचा रूढ शब्द आहे, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांतही तोच आढळतो. तेव्हा तुमच्या बागायतदाराने एक साधी तांत्रिक माहिती सांगितली होती. ती ऐकणाऱ्या सभागृहात मात्र प्रबंधाची मुदत, मार्गदर्शकाचा धाक, तासिका तत्त्वावरची नोकरी आणि प्रमाणपत्रासाठीची धावपळ यांच्या ताणाखाली असलेली शे-दीडशे माणसे बसली होती. ‘ताण दिल्याशिवाय फुलत नाही’ हे वाक्य त्यांनी झाडाविषयी ऐकले आणि निमिषभरात स्वतःविषयी ऐकले. मोठा हशा आला तो त्या दुहेरी अर्थाचा, आणि माझ्या मते तो तुमच्या संपूर्ण सादरीकरणातील सर्वांत अनुकूल प्रतिसाद होता. एका क्षणासाठी त्या सभागृहाने शेतकऱ्याच्या वाक्यात स्वतःला पाहिले.

पण तुम्ही ‘आधी थोडे आणि नंतर फार मोठे’ असे लिहिले आहे, आणि ते ‘आधी थोडे’ मी नजरेआड करणार नाही. त्याची एक साधी पारख आहे. अर्थावरचे हसू अर्थ पूर्ण झाल्याशिवाय येऊ शकत नाही. ‘फुलत नाही’ हे शब्द कानावर पडण्यापूर्वी त्या वाक्यात हसण्यासारखा अर्थच तयार झालेला नव्हता. म्हणून ते पहिले, थोडे हसू ‘झाडाले’, ‘देल्याबिगर’, ‘थे’ यांपैकी एखाद्या शब्दावर सुरू झाले असेल, तर ते बोलीवर होते. ते वाक्य संपल्यानंतर, शेवटच्या ‘जी’च्या आसपास सुरू झाले असेल, तर ज्यांना दुहेरी अर्थ चटकन उमगला ते आधी हसले आणि बाकीचे मागाहून आले, इतकाच त्याचा अर्थ. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि नंतर १९५६ सालापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी व मराठी दोन्ही बोलणारी माणसे आजही इथल्या प्रत्येक सभागृहात शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे मराठीतील श्लेष शेजाऱ्याकडून समजून घेऊन उशिरा हसणारा एक गट आपल्याकडे बहुधा असतोच.

समजा ते हसू बोलीवरच होते. तरीही त्यात दोन जाती आहेत. त्या सभागृहात काटोल, सावनेर, वरुड, मोर्शीकडून शिकायला आलेली मुले असतीलच. घरात आजीच्या तोंडी ऐकलेली भाषा ध्वनिक्षेपकावरून, एका शोधनिबंधाचा भाग म्हणून ऐकू आली की गावचे माणूस विमानतळावर अचानक भेटल्यावर येते तसले हसू येते. दुसरी जात अर्थातच हिणवण्याची. तिच्याविषयी मी मवाळपणे लिहू शकत नाही. कित्येक वर्षे आपल्या पडद्यावर आणि रंगभूमीवर वऱ्हाडी-नागपुरी बोली गडी, चोर किंवा विनोदी पात्र यांच्याच वाट्याला येत राहिली, आणि प्रेक्षकांना ती ऐकताच हसण्याची सवय लागली. आश्चर्य एवढेच की जिथे हा तिटकारा तपासला जायला हवा, त्या विद्यापीठीय सभागृहातही ती सवय चपलांसोबत बाहेर काढून ठेवली जात नाही. (मराठी गद्याची वडिलकी ज्या रिद्धपूरकडे जाते ते मोर्शी तालुक्यात, म्हणजे तुमच्याच संत्र्याच्या पट्ट्यात आहे, हे हसणाऱ्यांपैकी एखाद्याला चहाच्या वेळी तर्रीपोहे खाताना हळूच सांगण्यासारखे आहे.) भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांपैकी अपहसिताचे लक्षण सांगताना तो पहिलाच शब्द ‘अस्थानहसित’ असा वापरतो, म्हणजे जिथे हसायचे नाही तिथे हसलेले, आणि ते त्याने अधम प्रकृतीच्या माणसांच्या पदरात टाकले आहे.

वाक्य गाळू का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याची मांडणी मात्र बदला. तुम्ही ते वाक्य अचानक वाचले असावे. श्रोत्यांच्या कानावर बोली आधी आली आणि ‘ताण’ या शब्दाचा शेतीतील अर्थ त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊकच नव्हता. पुढच्या वेळी प्रमाण मराठीत दोन वाक्यांत ताण देण्याची पद्धत आधी समजावून सांगा, हे बोलणारा माणूस किती वर्षांपासून बाग राखतो आहे ते सांगा, आणि मग त्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत, सावकाश, तुमच्या घरी जसे बोलतात त्याच सुरात वाचा. त्याची नक्कल केल्यासारखे वाचू नका. सूर थोडा जरी नाटकी झाला तरी श्रोत्यांना हसण्याची परवानगी तुम्हीच दिलेली असते, आणि पहिल्या हशाच्या वेळी आपण पाहिले की ते निमंत्रण किती लवकर स्वीकारतात. अशी तयारी केल्यावर हसू कदाचित थोडे कमी होईल. जे उरेल ते अर्थावरचे असेल.

तुमची खरी चूक दुसरीकडे झाली आहे आणि पत्रात तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेला आहात: ‘त्याच गोंगाटात मी माझा मुख्य निष्कर्ष वाचून टाकला.’ रंगभूमीवर काम केलेल्या कोणालाही विचारा. हशा चढतो, टोकाला पोहोचतो आणि उतरू लागतो. नट तो चढत असताना बोलत नाही आणि पूर्ण शांतता होईपर्यंत ताटकळतही नाही, उतरणीला लागला की पुढचे वाक्य उचलतो. याला दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. व्यासपीठावर ते सेकंद युगासारखे वाटतात हे खरे, पण तेवढ्या वेळात पाण्याचा घोट घेता येतो. तुम्ही घाईने वाचत राहिलात, म्हणून सभागृहाने तुमचे सर्वांत लक्षात राहणारे वाक्य ऐकले आणि त्याच्या पाठोपाठ आलेले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ऐकलेच नाही. घरात मुलीचे लग्न किंवा मुलाची फी कोणत्या महिन्यात येते यावर झाडाचे पाणी कधी तोडायचे हे ठरत असेल, तर तो ताण आधी घरावर येतो आणि मग झाडावर जातो. हे तुमच्या निबंधाचे सांगणे आहे आणि त्या हशाच्या उतरणीवर ते ऐकवले असते तर सभागृह एकदम गप्प झाले असते.

गप्प होण्यावरून आठवले. तुमच्या आधीच्या निबंधाला कोणी हसले नाही, याचा तुम्हाला हेवा वाटलेला दिसतो. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचा, म्हणजे सिद्धीचा, स्वतंत्र विचार आहे. प्रेक्षकांचे स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावर उठलेले रोमांच ही मानुषी सिद्धीची लक्षणे मानली आहेत, आणि जिथे सभागृह पूर्ण भरलेले असून आवाज नाही, चुळबूळ नाही, त्या शांततेला दैवी सिद्धी म्हटले आहे. तेव्हा शांतता ही हास्याहून वरची पायरी आहे खरी. मात्र चर्चासत्रांच्या बाबतीत माझा अनुभव असा की जेवणाआधीच्या सत्रात जी शांतता असते ती बहुतेक वेळा दैवी नसते, मोबाइलची असते. त्या निबंधावर किती प्रश्न आले ते आठवून पाहा.

तिसऱ्या हशाविषयी तुम्हाला सर्वांत जास्त लागले आहे आणि ते रास्त आहे, कारण तिघांपैकी तोच एक तुमच्या दिशेने सोडलेला होता. पण तो कोणी उचलून धरला, याचा विचार करा. रोझ कोसर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मानसोपचार रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या बैठकींत होणाऱ्या विनोदांचा अभ्यास करून १९६० साली जो निबंध लिहिला, त्यात त्यांना आढळले की विनोद करण्याचे प्रमाण वरिष्ठांमध्ये अधिक होते आणि त्याचा रोख बहुधा वरून खाली जात होता. समोर बसलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद केला असे घडत नव्हते. आपल्या चर्चासत्रांना हे वर्णन लागू करायला फारसे काही बदलावे लागणार नाही. सत्राध्यक्ष विनोद करतो तेव्हा मागे बसलेल्यांपैकी कोणाची मौखिक परीक्षा त्याच्याकडे असते, कोणाला त्याच्याकडून शिफारसपत्र हवे असते, आणि कोणी पुढच्या पाळीचा असल्यामुळे त्याची मर्जी सांभाळत असतो. त्यांच्या हसण्याला मी हजेरी म्हणेन. यातही सर्वांत मोठ्याने हसले असतील ते, ज्यांच्या स्वतःच्या निबंधात नमुना तीसच्याही खाली आहे.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. अध्यक्षाच्या खुर्चीत बसून मीही एकदा एका मुलाच्या लांबलचक शीर्षकावर असाच विनोद केला आहे. सभागृह हसले, मला तो साधल्याचा आनंद झाला. दुपारी जेवणाच्या रांगेत तो मुलगा मला पाहून दुसऱ्या रांगेत गेला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्याच्या निबंधाविषयी मी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. अध्यक्ष विनोद करतो तेव्हा पुष्कळदा कारण इतकेच असते की सत्र लांबलेले असते, त्याला निबंध नीट ऐकू आलेला नसतो किंवा समजलेला नसतो, आणि काहीतरी बोलणे तर भाग असते. तुमचा निष्कर्ष हशात बुडाला होता. ज्याच्यापर्यंत निष्कर्ष पोहोचला नाही त्याच्या हाती विचारण्यासारखा उरतो तो आकडाच.

असे असले तरी साक्षगंधाच्या त्या विनोदाच्या पोटात एक रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याकडून यायला हवे होते. बेचाळीस ही संख्या थोडी आहे की पुरेशी, हे पद्धतीवर ठरते. तुम्ही प्रत्येक बागायतदाराशी तासन्‌तास बोलून, दोन्ही बहारांचे त्याचे हिशेब पाहून मुलाखती घेतल्या असतील, तर बेचाळीस मुलाखती भरपूर आहेत. पण निबंधात तुम्ही ‘नमुना सर्वेक्षण’ असा शब्दप्रयोग केला असेल आणि त्यावरून संपूर्ण पट्ट्याविषयी टक्केवारी काढली असेल, तर सरांची शंका बरोबर आहे आणि ती तुम्ही शांतपणे मान्य करावी. यांपैकी काय खरे आहे ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही.

उत्तर कसे द्यावे, याविषयी सांगते. थट्टेला हसून उत्तर द्यावे, म्हणजे आपण खिलाडू वृत्तीचे ठरतो, असे आपल्याला शिकवलेले असते, विशेषतः मुलींना. पॉल ड्रू या ब्रिटिश अभ्यासकाने १९८७ साली थट्टेला मिळणाऱ्या उत्तरांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की प्रत्यक्षात माणसे थट्टेला बहुधा गंभीरपणेच उत्तर देतात. ही थट्टा आहे हे कळूनसुद्धा आपली बाजू नीट मांडतात. तेव्हा गंभीर राहिल्यास आपण रुक्ष दिसू ही भीती बाळगू नका. हशा उतरेपर्यंत थांबा, सरांकडे पाहा आणि म्हणा, ‘सर, बेचाळीसच आहेत. प्रत्येकाच्या बागेवर मी दोनदा गेले आहे, आणि मला किती जणांनी हे केले हे मोजायचे नव्हते, का केले हे समजून घ्यायचे होते.’ अर्थात तुम्ही खरोखर दोनदा गेला असाल तरच. या उत्तरात विनोदाचा उल्लेख कुठेही नाही, आणि साक्षगंधाचा तर नाहीच. हसणाऱ्यांना लाजवण्याची गरज नसते. प्रश्नाला उत्तर मिळाले की सभागृह आपोआप त्या उत्तराकडे वळते.

ती वेळ निघून गेली म्हणून हळहळत बसू नका. चर्चासत्राचे निबंध छापले जाण्यापूर्वी लेखकाकडे एकदा परत येतात. तेव्हा पद्धतीच्या भागात बेचाळीस या संख्येचे समर्थन एका परिच्छेदात लिहा आणि तो परिच्छेद सरांनाही, कोणतीही तक्रार न करता, ‘आपण उपस्थित केलेल्या मुद्द्याच्या अनुषंगाने’ असे लिहून पाठवा. उत्तर येईल किंवा येणार नाही.

मैत्रिणीचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण मानू नका. बाहेरून आणून बसवलेला विनोद निबंधात पाहुण्यासारखा अवघडून बसतो, आणि तो पडला तर दहा मिनिटांपैकी एक मिनिट त्यातून सावरण्यात जाते. तुमच्याकडे तुमच्याच साहित्यातून आलेले एक वाक्य आहे, ज्यावर लोक न मागता हसले. त्याहून अधिकाची गरज नाही.

राहिले ध्वनिमुद्रण. ते ऐकाच, आणि हातात कागद-पेन घेऊन ऐका. पहिल्यांदा संपूर्ण ऐकू नका. बागायतदाराचे वाक्य जिथे आहे तिथपर्यंत सरकवा आणि तेवढेच पाच-सहा वेळा ऐका. हसू कोणत्या अक्षरावर सुरू होते, ते पुढच्या बाजूने येते की मागच्या, ते किती सेकंद टिकते आणि तुम्ही पुढचे वाक्य त्याच्या चढावर सुरू केलेत की उतारावर, हे टिपून ठेवा. मोबाइल मैत्रिणीच्या हातात होता, त्यामुळे तिच्या शेजारची माणसे उगाच मोठी ऐकू येतील, तेवढे वजा करा. हसण्यानंतर एखाद्याने शेजाऱ्याला ‘ताण म्हणजे काय?’ असे विचारलेले ऐकू आले तर तेही लिहून ठेवा, पुढच्या वेळी काय आधी समजावायचे ते त्यावरून कळेल. साक्षगंधाचा भाग त्या दिवशी ऐकला नाहीत तरी चालेल. पहिले हसू ‘थे’वर सुरू झाले की ‘फुलत नाही’च्या नंतर, एवढे मात्र मला जरूर कळवा.